परत मागितलेला वानोळा

पिंपळझरीत भांडणं काही कमी झाली नाहीत. बांधावरून झाली, बकरीवरून झाली, नळावर पुढे सरकवलेल्या एका बादलीवरून तर दोन घरं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. पण दिलेला वानोळा दारोदार फिरून परत मागणारी बाई आमच्या गावात एकच झाली. ती माझी शेजारीण, देवकाबाई. मी तिला काकी म्हणते. तिच्याबद्दल लोक पार आदिलाबादपर्यंत बोलले, आणि बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांना खरं काय घडलं ते ठाऊक नाही. मी गावच्या मराठी शाळेत शिकवते. माझी भिंत तिच्या भिंतीला लागून आहे आणि तिचा आवाज कुठल्याच भिंतीला जुमानत नाही. तेव्हा हे मीच सांगितलेलं बरं.

वानोळा म्हणजे वावरातलं पहिलं. पहिला तोडा विकायचा नाही. आधी सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना वाटायचा, मग बाजार. रीत सगळीकडेच आहे, पण लोक आपापल्या चार घरांत उरकतात. काकीचं तसं नाही. नाल्याकाठच्या तिच्या वावरातून पालक, मेथी, अंबाडी, जे काही पहिल्यांदा निघेल ते गावातल्या प्रत्येक घरी जाणार. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. काल जिच्याशी कडाक्याचं भांडण झालं तिच्या घरीसुद्धा. "भांडन तोंडाचं हाय, भाजी पोटाची हाय," असं तिचं म्हणणं.

यातली खरी गोम बाहेरच्या माणसाच्या लक्षात यायची नाही. काकीची सासू आणि माझी सासू, दोघी पाटीलगल्लीतल्या लोकांच्या वावरांत मजुरीनं तण निंदायला जायच्या. आमच्या गल्लीतून त्या गल्लीत भाजी जायची ती विकत. वानोळा कधी गेला नव्हता, आणि गेला असता तर कुणी घेतला नसता. काकीनं तो न्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी तिथल्या तुळजाबाईनं दारातूनच सांगितलं, "ठेव तिथं भिंतीवर." काकीनं भिंतीवर ठेवला. पुढल्या वर्षीही भिंतीवरच. मग केव्हातरी तुळजाबाईनं सूप पुढे केलं, आणि फार फार उशिरा, हात. त्या गल्लीतून आमच्याकडे मात्र उलटा वानोळा कधी आला नाही. मला याचा संताप यायचा. काकी म्हणायची, "मास्तरीनबाई, तू हिशोब करत राह्य. मी भाजी वाटतो."

आदिलाबादच्या भाजीबाजारात तिची जुडी लांबून ओळखू यायची. रबर नाही, सुतळी नाही. अंबाडीच्या वाखानं बांधलेली. अंबाडीच्या काड्या नाल्यात कुजत घालायच्या, सोलायच्या, आणि निघालेला वाख मांडीवर वळून त्याचे बंद करायचे, हे तिचं फावल्या वेळचं काम. गाठही तिची स्वतःची, एका ओढीत सुटणारी. तेलुगू बायका, उर्दू बोलणाऱ्या बायका, कोर्टातले कारकून, सगळे तो वाख पाहून जुडी उचलत आणि भाव नंतर विचारत. अशी पत कमवायला जन्म जातो. काकीचा गेलाच होता. शेतावर औषध मारायचं नाही आणि पोत्यातलं पांढरं खत टाकायचं नाही, हा तिचा हट्ट. तिचा नवरा चंपतराव हा अबोल माणूस; त्यानं या हट्टापुढे केव्हाच हात टेकले होते.

पण हट्टाला शेणखत लागतं, आणि शेण बैलांकडून येतं. गावातले बैल एकेक करून गेले, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर काय देतो? धूर. काकी शेणासाठी पाटी घेऊन गावभर फिरायची आणि अर्धी पाटी घेऊन परतायची.

अशात गेल्याच्या गेल्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, एक व्यापारी ट्रकभर खत घेऊन आला. दूरच्या एका मोठ्या शहराचा कचरा कुजवून केलेलं. काळंभोर, भुसभुशीत, हातात घेतलं तर मातीचाच वास. शेजारच्या पट्ट्यात वांगी-टमाटे लावणारा पंढरी म्हणाला, "शहराची घान माह्या वावरात नाई पायजे." काकी त्याला हसली. "घानच त खत असते रे बाबू. तू काय अत्तर टाकतं काय वांग्याले?" आणि तिनं ते घेतलं.

घेतलं ते तसंच टाकलं असं नाही. तिनं घरची धान्याची चाळणी काढली. अंगणात बसून तिनं ते सगळं खत चाळलं, तेही एकदा नाही, दोनदा. काचांचे तुकडे निघाले, बाटल्यांची झाकणं निघाली, तारांची भेंडोळी, रिमोटचे फुटके सेल निघाले. ते सगळं तिनं बाजूला काढलं आणि खत मैद्यासारखं करून वावरात पसरलं. आमच्या बायका तांदूळ निवडतात, डाळ निवडतात, पालेभाजी निवडतात. वाईट आहे ते दिसतं, दिसलं की वेचता येतं, आणि वेचलं की उरलेलं चांगलं, हे आम्हाला आईच्या मांडीवर शिकवलेलं. काकी चुकली ती नेमकी इथं. चाळणीतून जे गळालं त्यात शिसं होतं, कॅडमियम होतं. ते डोळ्यांना दिसत नाही.

तिची भाची भाग्यश्री शेतकीच्या कॉलेजात शिकते. ती पेरणीच्या दिवसांत आली होती. तिनं अंगणातल्या ढिगातले फुटके सेल उचलून उलटेपालटे करून पाहिले. जाताना तिनं उरलेलं खत आणि वावरातली माती पिशव्यांत भरून घेतली. काकीनं तिची टर उडवली, "काय वं, आत्याच्या घरून माती नेऊन राह्यली? गोडधोड नाई दिसलं काय कायी?"

पालक आला तो असा, की बघत राहावं. पानं तळहाताहून मोठी, हिरवीकंच. रविवारी सकाळी तोडा झाला, जुड्या बांधल्या गेल्या, आणि ऊन तापायच्या आत काकीनं गावभर वानोळा पोचवलाही. माझी जुडी माझ्या ओट्यावर होती. पाटीलगल्लीत तुळजाबाईची सून मयूरी पहिलटकरीण, सातवा महिना. तिच्यासाठी काकीनं दोन जुड्या नेल्या होत्या. पोटुशीला पालक चांगला, रक्त वाढतं, म्हणून.

आणि भाग्यश्रीचा फोन आला. काकी फोन कानाला लावत नाही, हातभर लांब धरते, म्हणून तिच्या अंगणात उभ्या असलेल्या मलाही सगळं ऐकू आलं.

"आत्या, मातीची तपासनी आली. त्यात शिसं हाय, कॅडमियम हाय, लय जास्ती हाय. पालक विकू नको."

"मंग धुवून विकतो."

"धुवून जात नाई ते. शिजवूनही जात नाई. पानाच्या आत चढते. किती चढलं ते पानं तपासल्यावर समजन, त्याले अजून दिवस लागतीन. पन पालेभाजी लवकर ओढते."

"खाल्लं त काय होते?"

"एका दिवसानं कायी होत नाई आत्या, घाबरू नको. रोज पोटात गेलं त किडनीले वाईट. लेकराच्या डोस्क्याले वाईट. अन् पोटुशीनं त…"

काकीनं पुढचं ऐकलं नाही. तिनं फोन खाली घेतला आणि एवढंच म्हणाली, "मयूरी."

चंपतराव बाजेवरून म्हणाले, "पानाचं येऊ दे. मंग पाहू." एरवी महिन्यात जेवढं बोलतात तेवढं ते एका दमात बोलले होते. तेवढ्यात कुठूनशी कुणकुण लागून पंढरीही आला. "काकी, कोनाले सांगू नका. पिंपळझरीच्या भाजीत जहर हाय म्हटलं त आदिलाबादले माही वांगी बी कोन घेईन? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत इंगळ हाय पंढरी," काकी म्हणाली. "झाकली त हातच जळन. अन् ते पोट्टी थांबन काय, पानाचा रिपोर्ट येईपर्यंत? ते आज जेवन."

तिनं सकाळचीच पाटी उचलली. मी चपला घातल्या आणि तिच्या मागे निघाले, कारण दिलेला वानोळा परत मागणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. परत मागणं म्हणजे संबंध तोडणं. भावाभावांत खून पडायची वेळ आली तरी वानोळा कुणी परत मागत नाही.

पहिल्या दोन-तीन घरी लोक हसले. एक जण म्हणाला, "बाजारात भाव चढला वाटते!" कुसुमबाई म्हातारी आहे, एकटी असते, तिनं जुडी दिली आणि काकीचा पदर धरला. "काऊन वं देवका? माहं काय चुकलं?" काकीनं तिचे दोन्ही हात धरले. "तुहं नाई माय. माही माती खराब निघाली. माहंच चुकलं." हेच वाक्य तिनं घरोघरी सांगितलं. व्यापारी, शहर, कचरा, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिनं दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.

पाटीलगल्लीत पोचलो तेव्हा तुळजाबाईकडे पालकाची पातळ भाजी शिजून तयार होती. काकीनं सांगितलं. तुळजाबाई आधी ऐकत राहिली, मग तिचा चेहरा बदलला.

"वानोळा परत नेतं? माह्या घरी पोटुशी असताना? अवदसा सुचली काय तुले?"

"परत नेऊ देऊ नको. फेकून दे. पन तिले खाऊ देऊ नको."

"इतके वर्सं घेतला मी तुह्या हातचा," तुळजाबाई म्हणाली. 'तुह्या हातचा' हे तिनं असं म्हटलं, की माझ्या अंगाची आग झाली. मी तोंड उघडणार होते. काकीनं माझं मनगट दाबलं.

तुळजाबाई आत गेली, भाजीचं पातेलं घेऊन आली आणि काकीच्या पायांपुढे अंगणात पालथं केलं. शिंतोडे काकीच्या लुगड्यावर उडाले. दार लागलं. कोपऱ्यातल्या कोंबड्या धावत आल्या, आणि काकी मटकन खाली बसली. मला वाटलं रडायला बसली. पण ती एका हातानं कोंबड्या हाकलत होती आणि दुसऱ्या हातानं ती गरम भाजी मातीसकट पाटीत भरत होती. "हाकल वं शुभांगी," ती माझ्यावर खेकसली, "उद्या याच कोंबड्याचं अंडं त्या पोट्टीले देतीन!" मी कोंबड्या हाकलल्या. आयुष्यात मोठी माणसं पाहिली म्हणतात लोक. मी पाहिलेलं मोठं माणूस म्हणजे तुळजाबाईच्या अंगणात हात भाजून घेत भाजी गोळा करणारी काकी.

घरोघरचा पालक तिनं त्याच वावरात खड्डा करून पुरला. उभं पीक उपटलं आणि तेही पुरलं. जिथलं तिथं, म्हणाली.

सोमवारी ती बाजाराला गेली. रिकामी पाटी घेऊन. शाळेला कसलीशी सुट्टी होती, मीही गेले. ती आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागली. तेलुगू बाईला, "ना पालकूरा तिनकंडी अम्मा, मट्टी बागालेदू," म्हणजे माझा पालक खाऊ नका, माती चांगली नाही. बुरख्यातल्या बाईला, "बाजी, मेरी भाजी अब नहीं. मिट्टी खराब हो गई." आणि वर प्रत्येकाला पंढरीकडे बोट दाखवून, "त्याचं चांगलं हाय. त्यानं ते खत घेतलं नाई, त्याच्याकडून घ्या." सांगून सांगून तिचा घसा बसला. पंढरीच्या टोपल्या त्या दिवशी दुपारपर्यंत रिकाम्या झाल्या. तो मान खाली घालून सुतळी गुंडाळत बसला होता. काकीच्या जागेजवळून दोन बायका कुजबुजत गेल्या, "हीच ना ती?" काकीनं ऐकलं. पदर सारखा केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

पुढे पानांची तपासणी आली. पानातही होतं, आणि खाऊ नये इतकं होतं. मी ते चंपतरावांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी काकीकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. त्या माणसाच्या भाषेत हा सत्कार होता.

माती मात्र माणसासारखी लवकर निवळत नाही. भाग्यश्रीनं सांगितलं, या वावरात खायचं काही लावायचं नाही, निदान बरीच वर्षं. काकीनं झेंडू लावला. बतुकम्माच्या सणाला, दिवाळीला फुलं लागतातच. फुलं संपल्यावर झाडं बकरीला टाकायची नाहीत, उकिरड्यावरही नाहीत, हे ती स्वतःला बजावल्यासारखं मोठ्यानं बोलायची. झेंडूवर घर चालत नाही. म्हणून ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली, सासू जायची तशी. एकदा मी तिला म्हटलं, "काकी, तुझ्यासारखं प्रामाणिक…" तर तिनं मला पुरतं बोलूच दिलं नाही. "तुह्या प्रामानिकाची भाजी होते काय? सांग, चिरून टाकतो."

पंढरीला बाजारातला तो दिवस खात होता. त्यानं आपल्या पट्ट्यातली एक ओळ तिला देऊ केली. काकीनं आधी त्याची माती त्याच्याच हातानं भाग्यश्रीकडे पाठवली. पंढरीला राग आला, पण गिळला. माती चांगली निघाली. तरी काकी पेरेना. आज पेरते, उद्या पेरते. पेरणीचे दिवस उलटत चालले. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू आला, चंपतरावांशी बोलत होती. आवाज तिचा वाटतच नव्हता. "माती चांगली हाय जी. पन माह्या हातचं आता कोन घेईन?"

वाख वळणं तिनं सोडलं होतं. अंबाडीच नव्हती.

मयूरीला मुलगी झाली होती, गुटगुटीत. एका वेळच्या भाजीनं तिचं काही बिघडलं असतं असं भाग्यश्रीही म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. तुळजाबाई मात्र तेव्हापासून आमच्या गल्लीत फिरकली नव्हती. तशी ती आधीही कधी फिरकत नव्हतीच म्हणा.

ती आली गेल्या कार्तिकात, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. डोक्यावर पदर, हातात पितळी परात. आमच्या गल्लीतली कुत्री अनोळखी माणूस म्हणून भुंकू लागली. काकी वावरातून तोडून आणलेला झेंडू घेऊन अंगणात बसली होती. तुळजाबाईनं परात तिच्यापुढे ठेवली. परातीत मेथीच्या जुड्या होत्या.

"परसात लावली. पहिला तोडा," तुळजाबाई म्हणाली. "वानोळा हाय."

काकीनं हात पुढे केला नाही. "मातीत काय टाकलं?"

"गाईचं शेन. घरच्या गाईचं. मले मालूम होतं तू इचारशीन, म्हनून त्या पंढरीच्या हातून त्याच्या मातीसंगं माही माती बी गुपचूप धाडली होती. पास झाली." मग आवाज उतरवून, "त्या दिवशी मी दार लावलं, अन् खिडकीतून पाहत होतो. हात भाजले होते न तुहे?"

काकीनं एक जुडी उचलली आणि तिची नजर बंदावर गेली. वाख होता. जुना, पिवळट पडलेला, वापरून मऊ झालेला. सगळ्या जुड्यांना तोच. इतक्या वर्षांच्या वानोळ्याचा वाख तुळजाबाईच्या घरात चुलीत गेला नव्हता; तिनं तो गुंडाळून ठेवला होता. गाठही काकीसारखीच मारायचा प्रयत्न केला होता, जमली नव्हती.

काकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलंही नाही, आणि माझ्याही डोळ्यांतून आलं, सांगायला लाज कसली?

परात रिकामी परत द्यायची नसते. काकीनं घरात पाहिलं, अंगणात पाहिलं. द्यायला तिच्या वावरातलं एकच होतं. तिनं परातभर झेंडू घातला आणि काळजीनं म्हणाली, "खाऊ नको मात्र."

"येडी झाली काय वं? झेंडू कोन खाते?" तुळजाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ती गेल्यावर काकीनं मेथी निवडायला घेतली. प्रत्येक जुडीचा बंद तिनं एका ओढीत न सोडता हळूहळू सोडवला, सरळ केला, बोटांवर गुंडाळला आणि ओच्यात खोचला. मग चंपतरावांना हाक मारून पालकाच्या बियांचा डबा वरून काढायला सांगितला आणि पंढरीच्या ओळीत पेरायला बी भिजत घातलं.

"जुना वाख कशाला ठेवतेस?" मी विचारलं.

"राहू दे," काकी म्हणाली. "पयल्या जुडीले लागन."